१,०४० शब्दांचा एक परिच्छेद: दिवाळी अंकाच्या टेबलावरचं एक प्रकरण

हे प्रकरण एका दिवाळी अंकाच्या कामातलं आहे. अंकाचं, लेखकाचं आणि गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. लेखातली काही वाक्यं दिली आहेत, ती लेखकाला विचारून आणि थोडी बदलून. मी त्या अंकाची कॉपी एडिटर होते. संपादकांनी लेख स्वीकारला की तो डीटीपीला, म्हणजे संगणकावर पानं लावायला, जाईपर्यंत माझ्या ताब्यात. जे बिघडलं त्यातला मोठा वाटा माझाच आहे, हे आधीच सांगून टाकते.

पार्श्वभूमी

लेखक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, वय सत्तरीपुढे. १९७२ च्या दुष्काळात ते १९ वर्षांचे होते. डिप्लोमाचं वर्ष बुडालं आणि गावापासून तीन कोसांवरच्या खडी केंद्रावर, म्हणजे दगड फोडून खडी करायच्या दुष्काळी कामावर, हजेरी लिहायला बसले. त्या दिवसांबद्दल त्यांनी लेख पाठवला होता.

बहात्तरच्या दुष्काळावर मराठीत थोडंथोडकं लिहिलेलं नाही. अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी म्हणजे मिलो, मजुरांना वाटलेला सुकडी नावाचा पौष्टिक खाऊ, पाझर तलाव, नाला बांध, खडी फोडून सोललेले हात हे सगळं वाचकाला ठाऊक असतं. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. पण दुष्काळ हजेरीपटामागे, म्हणजे मस्टरमागे, बसून पाहिलेला लेख आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता. कुणाचं नाव मांडायचं आणि कुणाचं नाही, हे एकोणीस वर्षांच्या पोराने ठरवायचं! संपादकबाईंनी तो एका बैठकीत वाचला आणि वर पेन्सिलने लिहिलं, ‘घ्यायचा. हात कमी लावा.’

‘हात कमी लावा’ हे मी वाचलं होतं. विसरले असं म्हणता येणार नाही.

लेख फुलस्केप कागदावर निळ्या शाईने लिहिलेला होता. टाइप करून घेतला तेव्हा ४,२०० शब्द भरले, आणि एवढ्या मजकुरात परिच्छेद फक्त ११. त्यातला पाचवा, खडी केंद्रावरच्या एका दिवसाचा, १,०४० शब्दांचा.

अडचण

आमच्या अंकाचं पान दोन कॉलमी. बारा पॉइंटात एका ओळीत पाच-सहा शब्द बसतात, कॉलमला ३८ ओळी. म्हणजे तो पाचवा परिच्छेद पानभर, मग आणखी पानभर, आणि वर अर्धं पान, असा कुठेही न थांबता चालायचा. पान उघडलं की डावीकडे उजवीकडे नुसती काळी भिंत. आमचा मांडणीकार म्हणाला, ‘ताई, यात श्वास घ्यायला खिडकी नाही.’

छापील अंकाचं एक वेळ निभावलं असतं. दिवाळी अंक माणूस पाय पसरून वाचतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा प्रकारच निवांत वाचनासाठी आहे. पण त्या वर्षी निवडक लेख मोबाइलवरच्या ई-अंकातही जाणार होते, आणि हा लेख त्यात पहिला होता. माझ्या फोनवर एका वेळी साधारण शंभर शब्द दिसतात. पाचवा परिच्छेद दहा स्क्रीन भरून वाहत होता. अंगठा सरकवत राहिलं तरी आपण कुठवर आलो ते कळत नव्हतं, आणि मध्येच कुणाचा फोन आला तर परत जागा सापडणं कठीण.

ई-अंकाचं काम बघणारा आमचा तरुण सहकारी हुशार होता आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ‘मॅडम, वाचक तिसऱ्या स्क्रीनला निघून जाईल. मग आत कितीही सोनं असू दे.’

प्रश्न तसा साधा दिसत होता. मोठे परिच्छेद आहेत, छोटे करा. कुठे तोडायचे, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारलाच नाही. किती मोठे ठेवायचे, एवढंच आम्ही बोललो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता जसं आहे तसं छापायचं. लेखकाच्या बाजूने बोलणारा एक मुद्दा मला तेव्हाही सुचला होता. आपल्याकडे परिच्छेद पाडायची सवय तशी अलीकडची. मोडीतली बखर पाहिली तर शिरोरेषा ओढून त्याखाली अक्षरं चालतात, शब्दसुद्धा सुटे नसतात. विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कोशकार मेजर कँडी यांना देतात. तेव्हा लांबच लांब मजकूर हा मराठी वाचकाला काही परका नाही. पण बखर वाचणारा ती बहुधा मोठ्याने वाचायचा, त्याचा आवाजच परिच्छेद पाडायचा. फोनवर मुकाट्याने वाचणाऱ्याला ती सोय नाही. पर्याय बाद.

दुसरा पर्याय, आकड्याचा नियम. ई-अंकासाठी साठ शब्दांच्या आसपास एक परिच्छेद, छापील अंकासाठी त्याच्या दुप्पट. सहकाऱ्याने तो सुचवला. मोजायला सोपा, वाद नाही, आणि सगळ्या लेखांना एकच फूटपट्टी.

तिसरा, शाळेत शिकवतात तो: एका परिच्छेदात एक मुद्दा, आणि तो मुद्दा पहिल्याच वाक्यात. हा नियम आपल्याकडे इंग्रजी निबंधाच्या तासांतून आला. त्याची नीट मांडणी अलेक्झांडर बेन या स्कॉटिश प्राध्यापकाने १८६६ च्या आपल्या लेखनशास्त्राच्या पुस्तकात केली होती. अहवालाला, अग्रलेखाला तो उत्तम लागू पडतो. मी हा लेख त्या नियमाने कापून पाहिला आणि अर्ध्या तासात सोडून दिला. आठवणी सांगणारा माणूस मुद्दा पहिल्या वाक्यात ठेवत नाही. तो आधी उन्हाबद्दल बोलतो, मग टोपलीबद्दल, आणि मुद्दा सगळ्यात शेवटी, तोही आडून येतो.

चौथा, परिच्छेद तसेच ठेवून मध्ये उपशीर्षकं घालायची. मांडणीकाराचा हा लाडका उपाय. ‘पहाटेची रांग’, ‘मुकादम’, ‘सुकडी’ अशी. संपादकबाईंनी एका वाक्यात नाकारला: ‘हा लेख आहे, पंचायतीचं माहितीपत्रक नाही.’

पाचवा पर्याय लेखकालाच विचारायचा. तो आमच्या यादीत होता. पण लेखक दुसऱ्या जिल्ह्यात, ईमेल न वापरणारे, आणि फॉर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे गट, छपाईला जायला बारा दिवस उरलेले. शिवाय, खरं सांगायचं तर, संपादन-टेबलावरच्या माणसाला परिच्छेद ही लेखकाची वस्तू वाटतच नाही. शब्द त्याचे, पॅरा आमचे. ऱ्हस्व-दीर्घ जसं न विचारता दुरुस्त करतो, तसंच हेही. या समजुतीवर मी वीसेक वर्षं काम केलं होतं.

आधी काय केलं

दुसरा पर्याय घेतला. सहकाऱ्याने संध्याकाळी फाइल नेली आणि सकाळी आणून दिली. ११ चे ७१ परिच्छेद झाले होते, सरासरी साठाला एखाद शब्द कमी. एकही शब्द बदललेला नव्हता. मी वरवर पाहिलं, दिसायला सुटसुटीत होतं, आणि पुढे जाऊ दिलं. छापील अंकासाठी त्यातलेच परिच्छेद दोन-दोन जोडून घेऊ, असं ठरलं.

पण जोडण्याआधी फाइल तशीच पानांत घालून पाहिली, आणि लगेच एक अडचण जागेची निघाली. प्रत्येक परिच्छेदाची शेवटची ओळ सरासरी अर्धी रिकामी जाते. साठ परिच्छेद वाढले की तीस ओळी वाढल्या. शिवाय मोबाइलच्या सवयीने सहकाऱ्याने दोन परिच्छेदांत एक कोरी ओळ सोडली होती, त्या सत्तर वेगळ्या. एकूण शंभर ओळी म्हणजे सव्वा पानाहून जास्त, आणि आमचे फॉर्मे जाहिरातींसकट मोजून बांधलेले. छापील अंकात कोरी ओळ काढून पहिली ओळ आत घ्यायची, असा तोडगा काढला. एवढ्या चर्चेत आम्ही तासभर घालवला. मजकुरावर दहा मिनिटंसुद्धा नाही.

ई-अंकाचा नमुना पाच वाचकांना पाठवला, आणि शिष्टाचार म्हणून लेखकांच्या मुलीच्या फोनवरही. वाचकांना एकच प्रश्न विचारला होता: ‘वाचायला सोपं वाटलं का?’ पाचही जणांनी हो म्हटलं.

कुठे बिघडलं

पाचपैकी एका वाचकाने ‘हो’बरोबर दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या. ‘मुकादम फार निर्दयी रंगवलाय. तसेच असायचे ते.’ कौतुकाने लिहिलं होतं. मी ते तसंच, आनंदाने, लेखकांना कळवलं.

तासाभरात त्यांचा फोन. आवाज चढलेला नव्हता. ‘बाई, लेख परत द्या.’

मूळ लेखात तो भाग असा होता:

‘दुपारी पोराचं अंग तापलं म्हणून ती टोपली तिथेच ठेवून निघाली. मुकादमानं त्या दिवशी तिची हजेरी मांडली नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते, आणि एक खोटी हजेरी सापडली तर अख्ख्या टोळीचं मस्टर अडकायचं, हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. संध्याकाळी आपल्या वाट्याची सुकडी त्यानं तिच्या टोपलीत ठेवली आणि वर फडकं टाकलं.’

चार वाक्यं, एका दमात. साठ शब्दांच्या मोजणीत पहिल्या वाक्याला एक परिच्छेद संपला. चौथ्या वाक्यापासून लांब वर्णन सुरू होत होतं, म्हणून तिसरं आणि चौथं पुढच्या परिच्छेदात ढकललं गेलं. मधलं वाक्य उरलं एकटं:

‘मुकादमानं त्या दिवशी तिची हजेरी मांडली नाही.’

वर कोरी जागा, खाली कोरी जागा. आणि त्याखाली, स्क्रीन भरायला जागा बरी मिळाली म्हणून, चित्रकाराने काढलेलं रेखाचित्र: उन्हात उभा फेटेवाला, हातात वही. वाचकाने ते वाक्य वाचलं, चित्र पाहिलं, मनाशी निकाल लावला आणि मग पुढे सरकला. सुकडीचं वाक्य चित्राखाली होतं. पोचलं तोवर मुकादम दोषी ठरून गेला होता.

एक शब्द न बदलता आम्ही माणूस बदलला होता. तो मुकादम आज हयात नाही, पण त्याची नातवंडं त्याच गावात राहतात आणि आमचा अंक त्या गावात जातो.

हे कळल्यावर मी बाकीचे सत्तर परिच्छेद बसून वाचले, या वेळी खरोखर. आणखी तीन गोष्टी सापडल्या. त्या इथे लिहिते, कारण त्या मराठीच्या स्वभावातूनच येतात आणि परभाषेतल्या नियमांत त्या सापडत नाहीत.

एक, क्रियापद. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. आठवणीचा लेख म्हटलं की ते बहुतेक वेळा ‘होता, होती, होतं’. लांब परिच्छेदात ही ‘होतं’ ओळींच्या पोटात विखुरलेली असतात, कानाला खटकत नाहीत. दोन-दोन वाक्यांचे परिच्छेद केले की प्रत्येक परिच्छेदाच्या टोकाला एक ‘होतं’ येऊन बसतं. एका स्क्रीनवर एकाखाली एक चार दिसली. भजनात टाळ पडावा तशी.

दोन, न लिहिलेला कर्ता. ‘मग उठलो. रांजणाकडे गेलो. परत आलो तर रांग हललेली.’ यात ‘मी’ कुठे नाही आणि लागतही नाही, कारण क्रियापदाच्या ‘-लो’मध्येच तो आहे. पण ‘उठल्यावर’, ‘निघाल्यावर’ अशा रूपांत तो दिसत नाही, ती आधीच्या वाक्याचा हात धरून चालतात. परिच्छेद मध्ये तुटला की हात सुटतो. कोण उठलं? एका ठिकाणी आधीच्या परिच्छेदात शेवटचं नाव त्या बाईचं होतं, आणि पुढचा परिच्छेद ‘तिथून निघाल्यावर’ असा सुरू झाला. निघाला होता लेखक.

तीन, ‘म्हणून’ आणि ‘कारण’. ७१ पैकी नऊ परिच्छेद ‘म्हणून’, ‘कारण’ नाहीतर ‘त्यामुळे’ने सुरू होत होते. कारण एकीकडे, परिणाम दुसरीकडे, मध्ये कोरी ओळ.

मग काय केलं

संपादकबाईंनी लेखकांना फोन केला आणि लेख मागे घेण्याआधी एकदा कार्यालयात या, अशी विनंती केली. ते आले. बरोबर मूळ फुलस्केप कागद. मी माफी मागितली, त्यांनी ती ऐकून घेतली, आणि चहाचा कप बाजूला सरकवून म्हणाले, ‘आता काय करायचं ते बोला.’

मी त्यांना १,०४० शब्दांचं पान दाखवलं. मुलीच्या फोनवर स्वतःच सरकवून पाहा म्हटलं. त्यांनी पाहिलं. चष्मा कपाळावर घेतला. ‘हे काही खरं नाही,’ म्हणाले. पण लगेच, ‘पण तुमचं ते त्याहून वाईट.’ दोन्ही बरोबर होतं.

इथून पुढचा निर्णय कुणी एकाने घेतला नाही. संपादकबाई म्हणाल्या, ‘काका, तुम्ही मोठ्याने वाचा.’ ठरलं असं: ते वाचणार, आणि कागदाकडे न बघता जिथे थांबतील तिथे मी फुलस्केपच्या झेरॉक्सवर खूण करणार. मुद्रितशोधनातली नवा परिच्छेद दाखवणारी चौकटी कंसाची खूण, आणि जिथे मूळचा परिच्छेद जोडायचा तिथे ओळीच्या शेवटापासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नेणारी वळणदार रेघ. सहकारी समोर लॅपटॉप घेऊन बसला.

पावणेदोन तास लागले. मूळच्या तुटी सोडून ते २४ ठिकाणी थांबले. चार थांबे नुसते दम खायला, पाणी प्यायला; ते सोडले. उरलेल्या वीस जागा पाहिल्या तर एक सोडून प्रत्येक ठिकाणी काहीतरी बदलत होतं. उन्हं कललेली, नाहीतर दुसरं माणूस आलेलं, नाहीतर लेखक तेव्हाच्या पोरावरून आजच्या म्हाताऱ्यावर आलेला. त्या एका थांब्यावर काहीच बदलत नव्हतं, ते फक्त गप्प बसले होते. तीही जागा घेतली.

उलट दिशेचीही एक गोष्ट निघाली, आणि ती मला सगळ्यात मजेशीर वाटली. त्यांच्या मूळच्या दहा तुटींपैकी दोन ठिकाणी ते वाचताना अजिबात थांबले नाहीत. मी विचारलं, इथे तुम्हीच नवा परिच्छेद केला आहे ना? त्यांनी कागद उलटून पाहिला आणि हसले. ‘पान संपलं होतं हो.’ त्या दोन्ही जोडून टाकल्या. लेखकाचा परिच्छेद पवित्र मानायचा म्हटला तरी तो कधी कधी कागदाच्या लांबीचा असतो!

दहातून दोन गेल्या, वीस आल्या. २८ तुटी, २९ परिच्छेद.

पाचव्या परिच्छेदाचे पाच झाले: २१०, ४१०, ५, १४० आणि २७५ शब्दांचे. त्या पाच शब्दांच्या परिच्छेदावर सहकारी खूश झाला. ‘दहा वाजताच रांजणातलं पाणी संपलं.’ वाचताना काका त्याच्या आधीही थांबले होते आणि नंतरही. एकटं वाक्य वाईट नसतं तर. मुकादमाच्या वाक्याला पुढचं वाक्य लागत होतं, या वाक्याला काही लागत नव्हतं.

खरा वाद ४१० वर झाला. पहाटे अंधारात चार गावांतून माणसं खडी केंद्राकडे येतात, तो भाग. टेंभे, कडेवरची पोरं, डोक्यावर उलट्या घातलेल्या टोपल्या, मागून येणारे, त्यांच्या मागून येणारे. काका एकदाही न थांबता वाचून गेले. सहकारी म्हणाला, फोनवर हे चार स्क्रीन होतात, दोन तुटी तरी द्या. मी त्याच्या बाजूने होते. लॅपटॉपवर तीन वेगवेगळ्या जागी तोडून पाहिलं आणि त्यानेच मोठ्याने वाचलं. तिन्ही वेळा तेच झालं: माणसं तुकड्यातुकड्यांनी येऊ लागली. आधी एक गाव आलं, थांबलं, मग दुसरं आलं. मूळ मजकुरात ती येतच होती, येतच होती. त्याने तिसऱ्यांदा वाचून तुटी काढून टाकल्या आणि म्हणाला, ‘नको. राहू दे.’ काकांनी त्याच्याकडे पाहिलं. ‘बाळ, तू कुठल्या गावचा?’ त्यानंतर दोघं बराच वेळ वेगळंच बोलत बसले.

त्यांनीच मध्ये लीळाचरित्राचा, म्हणजे म्हाइंभटांनी लिहिलेल्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथाचा, विषय काढला. मराठीतलं इतकं जुनं गद्य, तेराव्या शतकातलं, तेही लीळांमध्ये, म्हणजे एकेका प्रसंगात, पाडलेलं आहे. एखादी लीळा दोन-तीन ओळींची, एखादी लांब. ‘म्हाइंभटांनी शब्द मोजले नाहीत,’ ते म्हणाले, ‘प्रसंग संपला की लीळा संपली.’ मला हे उत्तर टाळ्यांचं वाटलं, पण पुरतं पटलं नाही. म्हाइंभटांच्या वाचकाच्या हातात फोन नव्हता. तेव्हा फोनसाठी आम्ही वेगळ्या दोन गोष्टी केल्या: ई-अंकात या लेखापुरतं ओळींमधलं अंतर वाढवलं, आणि ते रेखाचित्र हजेरीच्या भागापासून उचलून पहाटेच्या वर्णनाच्या आधी नेलं. परिच्छेद मात्र छापील आणि ई-अंकात एकच ठेवले. दोन वेगळ्या आवृत्त्या ठेवाव्यात असं सहकाऱ्याचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं, कारण दोन फाइली झाल्या की एकीतली दुरुस्ती दुसरीत राहून जाते. हे कारण कामाचं होतं, तत्त्वाचं नव्हतं, आणि पुढच्या एखाद्या लेखाला ते लागू पडेलच असं नाही.

निष्पत्ती

लेख छापून आला. साडेदहा पानं, फॉर्म्यात बसला. सरासरी परिच्छेद १४५ शब्दांचा, पण ती सरासरी कुठल्याच परिच्छेदाचं वर्णन करत नाही. परिच्छेदांबद्दल एकाही वाचकाने काही लिहिलं नाही. मुकादमाबद्दल तीन पत्रं आली, तिन्ही त्याच्या बाजूची. त्यातलं एक त्याच तालुक्यातून होतं.

पहिला नमुना वाचलेल्या त्या वाचकाला नवा मजकूर पुन्हा पाठवला. तो म्हणाला, ‘आधीचा जास्त सोपा होता, पण हा लेख वेगळाच आहे.’ त्याला वाटलं आम्ही मजकूर बदलला.

नुकसानही झालं. या सगळ्यात चार दिवस गेले आणि त्याचा फटका दुसऱ्या एका लेखाला बसला. त्याची शेवटची प्रुफं घाईत पाहिली गेली आणि एक आख्खा परिच्छेद दोनदा छापला गेला. त्या लेखिकेने फोन करून फक्त एवढंच म्हटलं, ‘एवढा आवडला का?’

आज वेगळं काय केलं असतं

लेखकाला आधी विचारलं असतं, हे उघड आहे. पण दर वेळी लेखक सापडेलच असं नाही. अंकात तीस लेख असतात आणि प्रत्येकाबरोबर पावणेदोन तास बसणं कुणालाच परवडणारं नाही. तेव्हा लेखक नसताना मी आता काय करते ते सांगते. लांब परिच्छेद तोडायचा झाला तर नव्या परिच्छेदाचा पहिला शब्द पाहते. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘त्यामुळे’ असेल तर जागा बहुधा चुकली. ‘दुसऱ्या दिवशी’, ‘इकडे’, ‘मग’ असेल तर बहुधा बरोबर. कर्ता लिहिलेला नसेल तर आधीच्या वाक्यात तो कोण होता ते तपासते. आणि एकटं वाक्य उरलं तर ते आरोपासारखं वाचलं जातंय का, हे टेबलावरच्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला देऊन बघते. बातमी, माहितीपर लेख, पाककृती यांना हे सगळं लागत नाही. तिथे सहकाऱ्याचा साठ शब्दांचा हिशेब मी निमूटपणे मान्य करते.

नमुना वाचकांना प्रश्न चुकीचा विचारला, हे मला सगळ्यात जास्त सलतं. सोपं वाटलं का, असं विचारलं आणि हवं ते उत्तर मिळालं. मुकादमाबद्दल काय वाटलं, असं विचारलं असतं तर पाचही जणांनी काय सांगितलं असतं कोण जाणे. एकाने आपणहून लिहिलं म्हणून कळलं. बाकीच्या चौघांनाही तो निर्दयीच वाटला होता का, हे मी नंतरही विचारलं नाही.

चित्र कुठे बसतं, हा मांडणीकाराचा प्रश्न समजून मी सोडून दिला होता. तो परिच्छेदाचाच प्रश्न होता. मजकुरात चित्र आलं की तिथे परिच्छेद पडतो, तुम्ही पाडा किंवा पाडू नका.

एका जागेवर मात्र अजून एकमत नाही. लेखाच्या शेवटी दोन वाक्यं आहेत: ‘त्र्याहत्तरच्या जूनमध्ये पाऊस आला. हजेरीपट मी मिस्त्रीच्या हातात दिला आणि डिप्लोम्याचा फॉर्म आणायला गेलो.’ काका वाचताना मध्ये थांबले होते, पण तो दम खायचा थांबा आहे असं समजून मी तो सोडला, आणि वाक्यं जोडून छापली. दिवाळीनंतर ते कार्यालयात मिठाई घेऊन आले तेव्हा पिशवीतून आपली प्रत काढली आणि शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. ‘पाऊस आला’नंतर निळ्या शाईत चौकटी कंस काढलेला होता. मी म्हटलं, जोडलेलंच बरं वाटतं. पाऊस आला आणि तुम्ही निघालात. ते म्हणाले, ‘निघालो आठ दिवसांनी.’